मूर्ती फोडणारे आणि मूर्ती घडवणारे : दोस्तोएव्हस्कीची ‘बेसी’

दोस्तोएव्हस्कीच्या ‘बेसी’ या कादंबरीत एका कनिष्ठ लष्करी अधिकाऱ्याची हकीकत ओझरती येऊन जाते. वरिष्ठाने चारचौघांत खडसावताच हा तरुण त्याच्या अंगावर धावून जातो आणि त्याच्या खांद्याचा कडकडून चावा घेतो. त्याला वेड लागले असावे असे ठरते आणि मग लोकांना त्याच्या मागच्या एकेक गोष्टी आठवू लागतात. राहत्या बिऱ्हाडातील दोन पवित्र चित्रे त्याने बाहेर फेकून दिली होती, पैकी एक कुऱ्हाडीने फोडले होते. आणि स्वतःच्या खोलीत तीन उंच घडवंच्यांवर फोग्ट, मोलेशॉट व ब्यूखनर या तीन जडवादी पंडितांचे ग्रंथ मांडून प्रत्येकापुढे तो चर्चमधली मेणबत्ती लावीत असे. कादंबरीत या माणसाला जेमतेम एक परिच्छेद मिळाला आहे आणि पुढे त्याचे काय झाले याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. तथापि सात-आठशे पृष्ठांच्या त्या अवाढव्य कृतीचा गाभा या एका परिच्छेदात साठवलेला आहे. देव्हारा रिकामा केला म्हणून पूजा थांबत नाही. नमस्कारासाठी जोडलेले हात तसेच राहतात आणि समोर जे येईल त्याला ते देव करतात.

मूर्तिपूजेविषयीची ख्रिस्ती दृष्टी म्हटली की मराठी वाचकासमोर वेगळेच चित्र उभे राहते, आणि त्याला इतिहास कारण आहे. १८३१ साली मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जो वाद झाला त्याच्या आसपासच्या काळापासून हा विषय आपल्याकडे दगड-धातूच्या प्रतिमांभोवती फिरत राहिला. विल्सन हे स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट परंपरेतले. त्या परंपरेला चर्चमधील चित्रांचेही वावडे होते. दोस्तोएव्हस्की ज्या पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेत वाढला तिची घडण याच्या अगदी उलट आहे. ७८७ च्या नाइकिया येथील धर्मसभेने पवित्र चित्रांना वंदन करणे मान्य केले आणि असे वंदन हे ईश्वराच्या आराधनेपासून भिन्न होय, चित्राला दिलेला मान चित्रातील व्यक्तीला पोचतो, असा निवाडा दिला. सगुणभक्तीत वाढलेल्या वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागू नये. तेव्हा या कादंबरीतील मूर्तिपूजेचा प्रश्न प्रतिमेचा नाहीच. कुऱ्हाडीने फोडलेले चित्र ही येथे मूर्ती नव्हे. ज्यापुढे मेणबत्ती पेटली तो ग्रंथ ही मूर्ती. पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे आणि ल्यूथरनेही १५२९ च्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत मनुष्य ज्यावर आपला सारा भरवसा टाकतो तोच त्याचा देव, असा अर्थ पहिल्या आज्ञेतून काढला आहे. ल्यूथर आणि रशियन चर्च यांच्यात अन्य बाबतींत मोठे अंतर असले, तरी येथे ते एका वाटेवर आहेत.

‘बेसी’ म्हणजे भुते. १८७१-७२ मध्ये ‘रुस्की वेस्त्निक’ या मासिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. नोव्हेंबर १८६९ मध्ये नेचायेव आणि त्याच्या साथीदारांनी मॉस्कोत इवानोव नावाच्या विद्यार्थ्याचा खून केला; गुप्त मंडळातून फुटणाऱ्याला संपवावे आणि उरलेल्यांना रक्ताने बांधून घ्यावे हा त्यामागील हेतू. या घटनेवरून कादंबरीचे बीज पडले. १८७० च्या एका पत्रात दोस्तोएव्हस्कीने लिहिले होते की हे लेखन निव्वळ प्रचारपत्रक ठरले तरी चालेल, पण मनातले बोलून टाकायचे. टीकाकारांनी हे विधान फार गंभीरपणे घेतले. क्रांतिकारकांवरील सूडग्रंथ म्हणून एका पक्षाने तिला झिडकारले आणि तेच कारण पुढे करून दुसऱ्या पक्षाने तिला डोक्यावर घेतले. दोघांनीही पत्र वाचले. कादंबरी किती वाचली याची शंका येते. कार्माझिनोवच्या रूपाने केलेली तुर्गेनेव्हची टवाळी ही खरोखरच पत्रकाच्या पातळीवरची आहे, आणि ती गमतीची असली तरी तिच्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही.

मूर्तिपूजेचे जे दोन प्रकार या कादंबरीत सर्वांच्या नजरेत भरतात ते किरिलोव आणि प्योत्र वेर्खोवेन्स्की यांचे. देव नसेल तर मनुष्याची इच्छा हीच सर्वश्रेष्ठ, आणि ते सिद्ध करण्यासाठी निष्कारण आत्महत्या केली पाहिजे, हा किरिलोवचा सिद्धान्त. कामूने १९४२ मध्ये ‘सिसिफस’वरील आपल्या निबंधात त्याची विस्ताराने चर्चा केली आणि तेव्हापासून किरिलोव हा तत्त्वज्ञांचा लाडका झाला. परंतु याच किरिलोवच्या खोलीत पवित्र चित्रापुढील दिवा तेवत असतो आणि तो त्यानेच लावलेला असतो. म्हातारीला तो दिवा आवडतो, आज तिला सवड झाली नाही, अशी सबब तो सांगतो. भिंतीवरून चाललेल्या कोळ्याकडे पाहूनही त्याचे मन कृतज्ञतेने भरून येते. सिद्धान्त एकीकडे ओढतो, हात दुसरीकडे जातो. दोस्तोएव्हस्कीने या माणसावर केलेली माया पाहिली म्हणजे पत्रकाची भाषा विसरायला होते.

प्योत्रचे प्रकरण निराळे. हा पुरुष कशावरच श्रद्धा ठेवीत नाही. पण स्ताव्रोगिनसमोर तो एकाएकी त्याचा हात चुंबतो आणि त्याला आपली मूर्ती म्हणतो. शून्यवाद्याच्या तोंडी हा शब्द घालण्यात लेखकाची मार्मिकता आहे. प्योत्रची योजना अशी की, अज्ञातवासातील राजपुत्राची एक दंतकथा उठवायची, आणि त्या राजपुत्राला लोकांच्या दृष्टीस शक्यतो पडू द्यायचे नाही. पुढाऱ्याची मूर्ती कशी घडते याचे याहून चोख विवेचन विसाव्या शतकातल्या राज्यशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल. मूर्ती रिकामी असली तरच ती सर्वांच्या उपयोगी पडते. आणि स्ताव्रोगिनइतका रिकामा मनुष्य रशियन वाङ्मयात दुसरा नाही.

तथापि हे दोन्ही प्रकार देव नाकारणाऱ्यांचे आहेत आणि श्रद्धावान वाचकाला ते सोयीचे वाटतात. कादंबरीचे खरे तेज प्रकट होते ते शातोवमध्ये. शातोव हा दासाचा मुलगा. क्रांतीच्या मंडळात शिरलेला आणि मग तिच्यापासून दूर झालेला. प्रत्येक राष्ट्राचा स्वतःचा देव असतो, देव जोवर त्याचा एकट्याचा आहे तोवरच ते राष्ट्र जिवंत, आणि आज तो देव धारण करणारी एकच जनता उरली आहे ती रशियन, असे तो स्ताव्रोगिनला रात्री आवेशाने सांगतो. त्यावर स्ताव्रोगिन थंडपणे म्हणतो की, याने देव हा राष्ट्राचा एक गुणधर्म होऊन बसतो. शातोव उसळतो, आपण राष्ट्राला देवापर्यंत उंचावतो असा त्याचा दावा. मग स्ताव्रोगिन साधा प्रश्न टाकतो : तुझी स्वतःची देवावर श्रद्धा आहे की नाही? शातोव रशियाचे नाव घेतो, तिच्या चर्चचे घेतो, ख्रिस्ताच्या देहाचे घेतो, ख्रिस्ताचे पुनरागमन रशियातच होणार हेही सांगतो. पण देवावर? तेथे तो अडखळतो आणि जे उत्तर देतो ते भविष्यकाळातले आहे. एका क्रियापदाच्या काळावर एवढा भार टाकणारे संवाद जगाच्या वाङ्मयात थोडेच असतील.

येथे ‘निर्गम’ ग्रंथातील सोन्याच्या वासराची कथा आठवल्याखेरीज राहत नाही. ती कथा सामान्यतः परक्या देवाच्या पूजेची म्हणून सांगितली जाते; पण मूळात अहरोन वासरू घडवल्यावर दुसऱ्या दिवशी जो उत्सव जाहीर करतो तो परमेश्वराच्याच नावाने. नाव बदललेले नाही. ज्याला ते नाव दिले तो बदलला आहे, आणि तोही लोकांच्या कानांतल्या बाळ्या वितळवून तयार झालेला. शातोवची मूर्ती ही या जातीची आहे. अधिकाऱ्याच्या तीन ग्रंथांपुढची मेणबत्ती कोणालाही ओळखता येते. खऱ्या देवाचे नाव लावून उभ्या राहिलेल्या राष्ट्रमूर्तीपुढची मेणबत्ती ओळखू येत नाही, कारण ती चर्चमध्येच पेटलेली असते.

आणि येथेच कादंबरीकाराची खरी परीक्षा आहे. शातोवचे मत हे बव्हंशी दोस्तोएव्हस्कीचे स्वतःचे मत होते. ऑक्टोबर १८७० मध्ये मायकोवला लिहिलेल्या पत्रात, जो आपल्या जनतेला मुकतो तो देवालाही मुकतो, अशा आशयाचे विधान त्याने गंभीरपणे केलेले आहे. पुढे १८७६-७७ मध्ये ‘लेखकाच्या दैनंदिनी’त कॉन्स्टँटिनोपल आज ना उद्या रशियाचे झालेच पाहिजे असे तो प्रतिपादतो, तुर्कस्तानाशी होणाऱ्या युद्धाचे स्वागत करतो, आणि मार्च १८७७ च्या अंकात ज्यूंविषयी जे लिहितो ते त्याच्या चाहत्यांनाही समर्थनीय वाटत नाही. कादंबरीतही या दोषाचा डाग आहेच. ल्याम्शिन हा ज्यू कारकून तिच्यात केवळ तुच्छतेने रंगवलेला आहे. किरिलोवला जी माया मिळाली तिचा अंशही त्याच्या वाट्याला येत नाही. मूर्तीला बळी लागतो, आणि लेखकाच्या मूर्तीलाही तो लागलेला दिसतो. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. जो प्रश्न दैनंदिनीच्या लेखकाला कोणी विचारला नाही, तो कादंबरीकाराने स्वतःला विचारून ठेवला होता. तोही पाच वर्षे अगोदर, आणि तोही सर्वांत पोकळ पात्राच्या तोंडून. बाख्तिनने १९२९ च्या आपल्या ग्रंथात, दोस्तोएव्हस्कीच्या कादंबरीत लेखकाचा आवाज पात्रांच्या आवाजांवर राज्य करीत नाही, असे जे दाखवले त्याचे नैतिक मोल येथे लक्षात येते. तंत्राचा म्हणून जो विशेष वाखाणला जातो, तो येथे लेखकाच्या स्वतःच्या देव्हाऱ्यावर चालून येणारा हातोडा झाला आहे.

शातोवचा प्रश्न जुना झालेला नाही. जून २०२० मध्ये मॉस्कोजवळ कुबिंका येथे रशियन सैन्यदलांच्या मुख्य कॅथीड्रलचे पवित्रीकरण झाले. त्याच्या बांधणीत दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याकडून हस्तगत केलेल्या शस्त्रांचा धातू वितळवून वापरला आहे. सोन्याच्या बाळ्यांऐवजी तोफा, एवढाच फरक. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर मॉस्कोच्या धर्माध्यक्षांनी त्या युद्धाला धार्मिक अर्थ दिला. परंतु पुढच्याच महिन्यात अनेक ऑर्थोडॉक्स धर्मपंडितांनी एक निवेदन काढून ‘रशियन जगत्’ ही शिकवण पाखंड असल्याचे सांगितले. हे निवेदन वाचताना स्ताव्रोगिनच्या प्रश्नाची आठवण होते. मात्र स्ताव्रोगिनने तो कंटाळ्याने विचारला होता, आणि त्यांनी तो श्रद्धेतून विचारला.

स्ताव्रोगिनला प्रश्न विचारता येतो, उत्तर देता येत नाही. कादंबरीला ते शोधावे लागते, आणि ते तिला तत्त्वचर्चेत सापडत नाही. स्तेपान त्रोफिमोविच हा म्हातारा उदारमतवादी, ज्याने आयुष्यभर सौंदर्याची आरती ओवाळली, तो मरणापूर्वी लूकच्या शुभवर्तमानातील भूतबाधा झालेल्या डुकरांचा उतारा वाचून घेतो आणि त्या कळपात स्वतःला बहुधा सर्वांत पुढे धरतो. हा प्रसंग प्रसिद्ध आहे. पण थोडा मांडून ठेवल्यासारखा वाटतो. याहून कितीतरी सरस प्रसंग शातोवच्या शेवटच्या रात्रीचा आहे, आणि त्यात धर्माविषयीचे बोलणे फार थोडे आहे.

तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेली बायको, मारी, आजारी अवस्थेत शातोवच्या दारी येते. ती दिवसांत आहे आणि मूल स्ताव्रोगिनचे आहे. तू काय शिकवणार, असे ती त्याला उपहासाने विचारते. देव, असे तो म्हणतो. ज्याच्यावर तुझी स्वतःची श्रद्धा नाही तोच ना, असे ती विचारते, आणि तो म्हणतो की ते पुढे बघू. पुन्हा भविष्यकाळच. मग कळा सुरू होतात आणि त्याची धावपळ सुरू होते. किरिलोवकडून चहा, साखर आणि सामोवार. सुईण अरीना प्रोखोरोव्नाच्या दाराशी विनवण्या. आणि हाताशी पैसा नाही म्हणून ल्याम्शिनला मध्यरात्री उठवून पिस्तूल परत देऊन मिळवलेले थोडे रुबल. ज्या पिस्तुलाने तो आपल्या मारेकऱ्यांना अडवू शकला असता ते असे बाळंतपणाच्या खर्चात जाते. देव धारण करणाऱ्या जनतेचा सिद्धान्त कोठे गेला याची त्याला आठवणही होत नाही. मूल रडते, दोन माणसे होती आणि आता एकाएकी तिसरे आहे, या आश्चर्याने तो वेडावून जातो. सुईण नव्या विचारांची आहे. ती त्याला हसते आणि हा सारा शरीरधर्माचा पुढचा टप्पा, यात गूढ कसले, असे ठणकावते. दुसऱ्याचे मूल तो आपले म्हणून घेतो, आणि त्या रात्री मारीशी तो जे बोलतो त्यात नव्याने जगण्याच्या बेतांबरोबर देवाच्या अस्तित्वाचाही विषय येतो. स्ताव्रोगिनपुढे जे उद्यावर ढकलले होते ते येथे आजचे झालेले आहे. लेखक त्यावर भाष्य करीत नाही आणि ते संभाषणही आपल्याला शब्दशः ऐकू देत नाही, ही त्याची समज. दुसऱ्या संध्याकाळी मंडळाचा निरोप्या शातोवला न्यायला येतो. पुरलेला छापखाना दाखवून दिला की आपण कायमचे मोकळे झालो, असे मारीला सांगून तो बागेकडे निघतो.