नितळ पाणी, उपाशी रान

शरद ऋतू आला की पाणी निवळते, हा आपल्या काव्यपरंपरेतला जुना संकेत आहे. अगस्त्याच्या उदयाबरोबर पाणी प्रसन्न होते, असे कालिदासाने ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात सांगितले, ‘ऋतुसंहारा’त तर त्याने शरदाला स्वतंत्र सर्गच दिला. पावसाळ्यातली गढूळ नदी पाहिलेल्या माणसाला हा संकेत पटवून द्यावा लागत नाही. त्यातूनच नितळ म्हणजे शुद्ध आणि शुद्ध म्हणजे निरोगी, अशी साखळी आपल्या भाषेत पक्की झाली. ही साखळी इंग्रजीतल्या एका अगदी वेगळ्या लेखनातही आढळते. तिथे ती तुटते, पण लिहिणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. मला इथे त्या लेखनाचा विचार करायचा आहे.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर सांता कॅटालिना हे बेट आहे. तिथल्या अ‍ॅव्हलॉन गावी कसिनो पॉइंटला १९६५पासून पाण्याखालचे राखीव उद्यान आहे. या बेटाभोवती स्कूबा डायव्हिंग करणारे हौशी लोक आपल्या बुडीचे छोटे वृत्तान्त लिहितात. त्यांचा साचा ठरलेला असतो : पाण्यात किती अंतरापर्यंत दिसले, तापमान किती होते, लाटांचा हेलकावा कसा होता, कोणते मासे भेटले आणि शेवटी दिवस कसा गेला. या साच्यात शरद ऋतू हमखास जिंकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी वीस अंशांच्या आसपास उबदार असते, उन्हाळी गर्दी ओसरलेली असते आणि चांगल्या दिवशी पंचवीस-तीस मीटरपर्यंत स्वच्छ दिसते. नारिंगी गॅरिबाल्डी मासे, वरून झिरपणारे ऊन, केल्पचे उंच खांब, आणि मग कॅथेड्रलची उपमा. ही उपमा आता इतकी झिजली आहे की तिच्यातून ना देऊळ दिसते ना रान.

केल्पला मराठीत शब्द नाही, कारण हे थंड समुद्राचे शैवाल आहे. राक्षसी केल्प अनुकूल काळात दिवसाला अर्धा मीटरपर्यंत वाढते. होल्डफास्ट नावाच्या मुळांसारख्या गुंत्याने ते खडकाला धरून राहते आणि हवेच्या फुग्यांवर तरंगत पृष्ठभागावर छत धरते. मात्र होल्डफास्ट अन्न शोषत नाही. नायट्रेटसारखी पोषक द्रव्ये केल्पला भोवतालच्या पाण्यातूनच घ्यावी लागतात, आणि ती खोल, थंड पाण्यात असतात. दक्षिण कॅलिफोर्नियात वरचे पाणी तापले की त्यातले नायट्रेट जवळपास संपते. केल्पची साठवण जेमतेम काही आठवडे पुरते. म्हणजे डायव्हर ज्या पाण्याला उत्तम म्हणतो, ते बरेचदा केल्पच्या दृष्टीने रिकामे ताट असते. उलट वसंतात खालचे थंड, हिरवट, गढूळ पाणी वर येते तेव्हा डायव्हर कुरकुरतो आणि रान जेवते.

नदीचा गढूळपणा गाळाचा असतो. तो खाली बसला की पाणी खरेच सुधारते. या समुद्राचा गढूळपणा पुष्कळदा सूक्ष्म जीवांचा, म्हणजे अन्नाचा असतो. एकच विशेषण दोन्हीकडे चालवल्याने घोटाळा होतो.

वृत्तान्तांतला आणखी एक तपशील पाहा. अमुक खोलीवर अचानक गार पाण्याचा थर लागला आणि बुडी आवरती घेतली, अशी तक्रार त्यांत वारंवार येते. हा थर्मोक्लाइन. समुद्राच्या पोटातल्या लाटा हे गार पाणी अधूनमधून उतारावर ढकलतात आणि उबदार महिन्यांत केल्पला त्यातूनच थोडे नायट्रेट मिळते. लेखक ज्याला गैरसोय म्हणून नोंदवतो, ती खरे तर त्या पानावरची सर्वांत महत्त्वाची बातमी असते. पण साच्यात तिला जागा नाही.

डार्विनने १८३४मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी केल्प पाहिले, तेही होडीतून. त्याने होल्डफास्ट झटकून त्यातून पडणारे जीव पाहिले आणि म्हटले की एखाद्या देशातले अरण्य नष्ट झाले तरी, केल्प गेल्याने मरतील तितक्या जाती मरणार नाहीत. त्याचा प्रश्न होता, यावर कोण जगते? पाठीवर हवेची टाकी घेऊन आत शिरलेला आजचा वृत्तान्तकार विचारतो, मला किती लांबचे दिसले? साधन वाढले, प्रश्न मात्र आकसला.

दुसरी उणीव काळाची आहे. शरदात केल्पची पाती फाटलेली, पिवळट, ब्रायोझोआंच्या पांढऱ्या जाळीने मढलेली दिसणे हे दरवर्षीचेच असू शकते. म्हणून एका बुडीवरून रान मेले असेही म्हणता येत नाही आणि सुखरूप आहे असेही नाही. तुलना मागच्या शरदांशी हवी. २०१४ ते २०१६च्या सागरी उष्णतेच्या लाटेनंतर तर ती अटळ आहे. ‘सार्गॅसम हॉर्नेरी’ हे आशियाई शैवाल २००३मध्ये लाँग बीच बंदरात आढळले आणि २००६पर्यंत कॅटालिनाला पोचले. केल्पचे छत विरळ झाले की त्याला ऊन मिळते. शरदात त्याची कोवळी रोपे तळावर दिसू लागतात. आज प्रथमच उतरणाऱ्याला तेही रानच वाटेल. पॉल डेटन आणि सहकाऱ्यांनी १९९८च्या निबंधात केल्पच्या रानांबाबत हाच इशारा दिला होता : प्रत्येक पिढी आपण प्रथम पाहिलेली स्थितीच मूळ मानते आणि अपेक्षा गुपचूप खाली येतात.

याचा अर्थ हौशी लेखन टाकाऊ आहे असा मी काढत नाही. पाण्याखाली सर्वाधिक वेळा उतरणारे डोळे त्यांचेच आहेत. उपग्रह १९८४पासून केल्पचे छत टिपत आले आहेत, पण छताखालचे त्यांना दिसत नाही. ‘रीफ चेक कॅलिफोर्निया’चे स्वयंसेवक डायव्हर ठरलेल्या पट्ट्यात केल्पचे देठ, साळिंदरासारखे काटेरी समुद्री अर्चिन आणि मासे मोजतात. त्या नोंदींत उपमा नसतात, तरीही मला त्यांत अधिक चांगले गद्य दिसते, कारण तिथे वाक्याचा कर्ता बदललेला असतो. ‘मला तीस मीटर दिसले’ हे वाक्य ठेवायला हरकत नाही. त्याच्या खाली होल्डफास्टमागे किती देठ उभे आहेत, गार थर किती खोलीवर लागला, कोवळे सार्गॅसम कुठे आहे आणि गेल्या ऑक्टोबरात इथे काय होते, एवढ्या चार ओळी वाढल्या, तर शरदाचा तो वृत्तान्त बेटाचाही होईल.