तीन झाडं आणि एक पेला

नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्याला फुकट पास मिळतो, पुस्तकाचं लिहिणाऱ्याला निदान पुस्तक तरी मिळतं. मी आज ज्या जागेचं परीक्षण लिहायला बसलो आहे, तिथं मलाच २,४४२ रुपये ५० पैसे मोजावे लागले. तेव्हा माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल वाचकांनी शंका घेऊ नये. पैसे भरलेला माणूस खोटं बोलत नाही, हा बँकेतल्या बावीस वर्षांचा अनुभव आहे. खोटं बोलतो तो कर्ज घेतलेला.

आता या विषयातला माझा अधिकार. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. माझं दारूचं खातं दर दोन वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं एखादा व्यवहार होऊन जेमतेम चालू राहतं. त्यात आमचं गाव फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात आमच्याकडे झालं. अध्यक्ष पंडित नेहरू, हजर खुद्द गांधीजी, आणि बांबूचे मंडप सजवायला थेट शांतिनिकेतनातून नंदलाल बोस. माझे आजोबा तिथं स्वयंसेवक होते आणि त्यानंतर मरेपर्यंत चहासुद्धा चोरून पीत. मुंबईत ताजमहाल हॉटेलातला हार्बर बार मात्र त्याच्या तीन वर्षं आधी, १९३३ सालीच सुरू झालेला. मुंबईकर पेला उचलत होते त्या सुमाराला आम्ही टकळी उचलत होतो. एवढं अंतर एका पिढीत भरून निघत नाही.

ते भरून काढण्याची संधी मला भाच्यानं दिली. बँकेच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो होतो. भाचा तिथंच नोकरीला. फोन करून म्हणाला, "मामा, रात्रीच्या गाडीआधी भेटू. जरा निवांत बोलायचंय." 

या 'निवांत' शब्दाला पार्श्वभूमी होती. सावद्याच्या रस्त्याला लागून मेव्हण्यांचं तीन एकर केळीचं शेत आहे. त्याच्यावर प्लॉट पाडणाऱ्या एका गृहस्थाची नजर गेलेली. मेव्हण्यांचा गुडघा गेलेला. "पोराला विचारून ये काय करायचं," असं त्यांनी निघताना मला सांगितलं होतं. स्वतः का विचारत नाहीत? कारण बाप-लेक फोनवर बोलत नाहीत. म्हणजे रोज बोलतात, पण "जेवला का?" "हो." "बाकी?" "बाकी काही नाही," इथं संभाषण संपतं. या 'बाकी'च्या पोटात तीन एकर जमीन सहा महिने तशीच पडून होती.

तर बार. परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले त्यांतली ही एक असावी, कारण चिमणी अजून उभी होती आणि तिच्यावर रोषणाई केली होती. दारातल्या मुलानं आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. परवाना मात्र विचारला नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, आणि तो 'आरोग्य राखण्यासाठी' म्हणून दिला जातो. मी तो मागितला जाईल या भीतीनं चेहरा जमेल तेवढा आजारी करून ठेवला होता. ती मेहनत वाया गेली.

आत काळोख. इतका की समोरची खुर्ची रिकामी आहे की तिच्यात कुणी बसलंय, हे बसल्यावरच कळावं. खाद्यपेयांचं कार्ड मागितलं तर टेबलावर चिकटवलेल्या चौकोनी नक्षीकडे बोट दाखवण्यात आलं. भाच्यानं मोबाइलनं ती वाचली. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं आणि एका ओळीवर थबकलो. 'पिकल्या केळ्याचा सुगंध दिलेली रम, भाजलेली सुपारी, समुद्री मीठ. रुपये ८५०.'

वाचकहो, केळं! मी त्या आठवड्यात निघालो तेव्हा आमच्याकडे बोर्डाचा भाव क्विंटलला बाराशे होता. किलोला बारा रुपये. बी.कॉम.च्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही. ८५० भागिले १२, म्हणजे सत्तर किलो आठशे ग्रॅम. एक घड तेवीस-चोवीस किलोचा धरला तर तीन घड. आणि केळीचं झाड आयुष्यात एकदाच घड देतं, मग ते कापतात. पुढं पिलबाग धरा नाहीतर नवं लावा. म्हणजे त्या पेल्यात तीन झाडं होती. वर्षभर पाणी, खत, वादळाची धास्ती, सगळं मिळून तीन झाडं, आणि वर सुपारी.

मी तेच मागवलं. भाच्यानं नेग्रोनी मागवली. जिन, कॅम्पारी आणि गोड व्हर्मूथ यांचा समसमान हिस्सा असलेली ही लाल भागीदारी. तिचा एक घोट मी चाखला. आमच्या आजीचा चिराइताचा काढा असाच लागायचा, फक्त आजी वर साखर द्यायची.

माझा पेला आला तेव्हा त्यात मुख्यतः बर्फ होता. एकच खडा, पण फरशीच्या तुकड्याएवढा. कडेला केळ्याची एक वाळकी चकती, आणि ती पडू नये म्हणून कपडे वाळत घालतात त्या चिमट्याचं पिल्लू लावलेलं. हसू आलं, पण परीक्षकानं खरं सांगावं: पेय उत्तम होतं. नाकाशी नेलं आणि लहानपणीची वखार आठवली, केळी पिकायला घातलेली ती अंधारी खोली, दार उघडताच अंगावर येणारा ऊबदार, गोड, किंचित आंबूस वास. रमच्या बाटलीत हा वास कोंडणारा माणूस कारागीरच म्हणायचा. समोर उभं राहून तो लांब दांड्याचा चमचा फिरवत होता, तेही आवाज न करता. त्या जागेत आवाज न करणारा तो एकटाच.

कारण खरी तक्रार इथून सुरू होते. संगीत. माझ्या एका काकांनी अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये साच्यावर काम केलं. साचेखात्यात कानाशी तोंड नेलं तरी ऐकू येत नाही, म्हणून कामगार खुणांनी बोलत. काका रविवारी घरी मीठसुद्धा ओरडून मागायचे. त्या परळच्या गिरणीतही असंच असणार. गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले, फक्त आवाज तेवढा जागेवर राहिला. फरक इतकाच, की पूर्वी तो सहन करण्याचे पैसे मिळत, आता द्यावे लागतात.

भाचा बोलू लागला. त्याचे ओठ हलत होते, डोळे भरून आल्यासारखे दिसले, पण तिथल्या निळ्या दिव्यात सगळ्यांचेच डोळे भरून आल्यासारखे दिसत होते. मी मान हलवत राहिलो. शेवटी तो टेबलावरून वाकून माझ्या कानाशी ओरडला, "आप्पांना सांगा मामा, शेत विकून टाका!"

मी पेला खाली ठेवला. वखारीचा वास गेला. पोराचं बरोबर होतं. तो काही परत येणार नव्हता, आणि मेव्हणे दुखऱ्या गुडघ्यानं किती दिवस बागेत फिरणार? असं मी स्वतःला समजावलं. त्याच्या पाठीवर थोपटलं. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

बिल आलं. दोन पेयं १,७००. मसाला शेंगदाणे ३५०. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. दारूवर दहा टक्के व्हॅट १७०, शेंगदाण्यांवर जीएसटी साडेसतरा. इथपर्यंत सरकार. पुढं सेवाशुल्क २०५. ग्राहकाला न विचारता हे बिलात घालू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. हे सगळं मी वेटरच्या कानात ओरडून सांगितलं. त्यानं आदबीनं मान हलवली आणि शेंगदाण्यांची दुसरी बशी आणून ठेवली. मी घाबरून पैसे भरले. भाचा देऊ पाहत होता, पण मामानं भाच्याकडून घ्यायचं म्हणजे हिशेबाचे दोन्ही रकाने उलटे झाले.

बाहेर आलो. कानात अजून शिट्ट्या वाजत होत्या. स्टेशनच्या वाटेवर टपरीवर चहा सांगितला. भाचा म्हणाला, "मामा, आप्पांना कसं सांगाल?"

"सरळ सांगेन. पोरगा म्हणतो, विकून टाका."

त्याच्या हातातला चहा सांडला. "काय? मी म्हटलं, विकू नका!"

"नका?"

"नका! अहो, अर्धा तास तेच सांगत होतो. दोन वर्षं द्या मला. कर्ज फिटलं की मी येतोय. गुडघ्याचं ऑपरेशन इथं करू. तोवर बाग बटाईनं द्या, पण विकू नका. तुम्ही मान हलवत होतात ना!"

टाका आणि नका. तीन एकरांमध्ये एका अक्षराचं अंतर, आणि तेही आठशेपन्नास रुपयांच्या अंधारात. उद्या सकाळी भुसावळला उतरलो असतो, एसटीनं फैजपूर गाठलं असतं आणि निरोप चोख पोहोचवला असता. मेव्हण्यांनी 'का' म्हणून विचारलंही नसतं.

"तूच फोन कर," मी म्हणालो. "आत्ता. इथून."

त्यानं लावला. टपरीवाल्याचा स्टोव्ह फरफरत होता, बाजूनं बेस्टची बस गेली, तरी शब्दन् शब्द ऐकू येत होता. भाचा सावकाश म्हणाला, "आप्पा, शेत विकू नका. न, का. नका. मी येतोय." मग कर्ज, गुडघा, बटाई, सगळं सांगितलं. एवढं लांब वाक्य तो बापाशी पहिल्यांदाच बोलत असावा.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आप्पांचा आवाज आला.

"बरं. बाकी?"