पाणी खरेच अधांतरी थांबते का?

डिस्कव्हरी वाहिनीवर २००८ आणि २००९ साली ‘टाइम वॉर्प’ नावाची एक अमेरिकन मालिका झाली. जेफ लिबरमन आणि मॅट कर्नी हे तिचे दोन सूत्रधार. पहिला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून, म्हणजे एमआयटीतून, आलेला आणि दुसरा कॅमेऱ्यातला जाणकार. डोळ्यांना पकडता न येणाऱ्या घटना सेकंदाला हजारो चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने टिपायच्या आणि सावकाश दाखवायच्या, एवढीच मूळ कल्पना. मालिका केव्हाच संपली; पण तिचे आणि तिच्यासारख्या इतर कार्यक्रमांचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे अजून सर्वत्र फिरत असतात आणि आपल्यापैकी पुष्कळजण ते वर्गात दाखवतात. म्हणून अशा कार्यक्रमांबद्दल प्रेक्षक काय म्हणतात, आणि त्यातले किती ग्राह्य धरावे, याचा विचार शिक्षकांनी करायला हवा.

प्रेक्षकांचे ढोबळमानाने दोन तट पडतात. एक तट म्हणतो, चित्रे अप्रतिम आहेत, ती नुसती पाहू द्या, मध्ये मध्ये बोलू नका. दुसरा तट विचारतो की यात विज्ञान कुठे आहे? सूत्रधारांचे आनंदाने ओरडणे, आग, स्फोट, फुटणाऱ्या काचा, तेच दृश्य पुन्हा पुन्हा आणि स्पष्टीकरण मात्र दोन वाक्यांचे. शिक्षक बहुधा या दुसऱ्या तटात असतात आणि त्यांची मागणी ठरलेली असते: स्पष्टीकरण वाढवा.

तक्रार मला पटते, मागणी पटत नाही. याचे कारण एका दृश्यावरून सांगतो.

पाण्याने भरलेला फुगा फुटताना आपण सर्वांनी पाहिला असेल. रबर फाटते, चुणी पडत मागे सरकते आणि क्षणभर पाण्याचा गोळा फुग्याच्याच आकारात हवेत तसाच राहिलेला दिसतो. शिक्षकांच्या एका शिबिरात हे दृश्य दाखवून मी विचारले, ‘पाणी किती वेळ थांबले?’ ‘दोन सेकंद’, असे पुष्कळांनी सांगितले. ‘का थांबले?’ तर ‘पृष्ठताणामुळे’. दोन्ही उत्तरे चुकीची होती, आणि दोन्हींचा उगम पडद्यावरच्या दृश्यात होता.

आता हिशेब करू. समजा कॅमेऱ्याने सेकंदाला ५,००० चित्रे टिपली आणि ती आपल्याला सेकंदाला २५ या गतीने दाखवली. म्हणजे काळ २०० पट ताणला गेला. पडद्यावरचे दोन सेकंद हे प्रत्यक्षात सेकंदाचा शंभरावा भाग आहेत. तेवढ्या वेळात कोणतीही वस्तू, पाणी असो की दगड, स्थिर स्थितीतून सोडली तर सुमारे अर्धा मिलिमीटर खाली येते. साधारण नखाच्या जाडीइतके अंतर. पाणी थांबलेले नसते. ते पहिल्या क्षणापासून पडतच असते, फक्त पडायला त्याला वेळ मिळालेला नसतो. आणखी अठरा सेकंद पडद्याकडे पाहत राहिलो, तर प्रत्यक्षातला दशांश सेकंद पूर्ण होतो आणि पाणी जवळजवळ पाच सेंटिमीटर खाली आलेले असते. पृष्ठताणाचा येथे फारसा संबंध नाही. लहान थेंबाला तो गोल करतो. नारळाएवढा पाण्याचा गोळा पेलणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

लक्षात घ्या, यात कोणत्याही लांबलचक निवेदनाची गरज पडली नाही. दोन आकडे आणि एक मोजपट्टी पुरली असती. चित्राच्या कोपऱ्यात खऱ्या काळाचे घड्याळ आणि फुग्यामागे सेंटिमीटरच्या खुणा एवढे असते, तर आठवी-नववीच्या मुलांनी स्वतःच हे उत्तर काढले असते. मंदगती चित्रण हे मुळात मोजण्याचे साधन आहे. या मालिकेत ते मुख्यतः पाहण्याचे साधन होऊन राहते. चित्रांची संख्या ऐकायला मिळाली तरी त्या संख्येने पुढे काही मोजले जात नाही; हजार काय, दहा हजार काय, ऐकणाऱ्याला सारखेच. शिवाय अशा कॅमेऱ्यात आवाज नोंदला जात नाही. दृश्यासोबत जो घुमारा ऐकू येतो तो नंतर चढवलेला असतो, आणि ‘हे सगळे असेच सावकाश, मऊ मऊ घडते’ हा ग्रह तो अधिकच पक्का करतो.

नुसते पाहिले म्हणजे कळले, असे नाही. याबाबत आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट शिक्षकांनी जरूर वाचावी. थेंब पडून उडणाऱ्या शिंतोड्यांचा अभ्यास त्याने १८७०च्या दशकात सुरू केला. अंधाऱ्या खोलीत विजेची ठिणगी पाडायची, त्या क्षणिक उजेडात जे दिसेल ते लगेच कागदावर उतरवायचे, अशी पद्धत. जवळपास वीस वर्षे त्याने काढलेल्या चित्रांतले शिंतोडे सुबक, सर्व बाजूंनी सारखे होते. १८९४च्या सुमारास त्याला प्रत्यक्ष छायाचित्रे घेता आली, तेव्हा शिंतोडे वेडेवाकडे, कुठे तुटलेले, कुठे लांबलेले निघाले. त्याचा डोळा आणि हात नकळत नीटनेटकेपणा भरत होते, हे त्याने स्वतःच मांडून ठेवले. १९०८ सालचे त्याचे शिंतोड्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध आहे.

प्रेक्षक ज्याला कंटाळतात ती दृश्यांची पुनरावृत्ती मला या मालिकेची सर्वात चांगली गोष्ट वाटते, ती याचमुळे. पहिल्या वेळी नजर मध्यभागी असते. दुसऱ्या वेळी ती कडेला जाते. तिसऱ्या वेळी कुठे रबराबरोबर ओढले गेलेले बारीक तुषार दिसतात.

मनोरंजनालाही माझा विरोध नाही. एमआयटीतच या कलेचा पाया घालणाऱ्या हॅरल्ड एजर्टन यांना त्याचे वावडे नव्हते. दुधाच्या थेंबाचा मुकुट आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी ही त्यांची चित्रे जगभर घराघरांत लागली, आणि त्यांच्या चित्रणावर आधारलेल्या लघुपटाला १९४० सालासाठीचे ऑस्कर मिळाले. पण एजर्टनचा झोत ठरावीक वेळाने लुकलुके. एकाच छायाचित्रात गोल्फच्या काठीच्या किंवा चेंडूच्या ओळीने जागा उमटत, आणि त्यांतले अंतर मोजले की वेग हाती येई. चित्र सुंदर होते, आणि तेच मोजमापही होते.

तसेच मांजराचे. एमआयटी आणि इतर संस्थांतल्या चौघा संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने मांजराचे दूध पिणे टिपले आणि २०१०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला. सुरुवात घरच्या मांजराकडे पाहण्यातूनच झाली होती. मांजर जिभेचा पळा करत नाही. जिभेचे टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवून ते सेकंदाला सुमारे चारदा वर ओढते, त्यामागे दुधाचा खांब चढतो, आणि गुरुत्वाने तो खाली पडण्याआधी तोंड मिटते. कॅमेरा त्याच प्रकारचा. फरक इतकाच की कॅमेरा लावण्याआधी प्रश्न ठरलेला होता. मालिकेत बऱ्याचदा आधी वस्तू फुटते, मग प्रश्न शोधला जातो. अंदाज बांधायला प्रेक्षकाला उसंतच मिळत नाही.

ती उसंत वर्गात आपण देऊ शकतो. तुकडा लावण्याआधी मुलांना कागदावर चार चित्रे काढायला सांगावे: टोचण्याआधी, लगेच नंतर, थोड्या वेळाने, शेवटी. चित्रे काढल्याखेरीज पडदा सुरू करू नये. मग आवाज बंद ठेवून दाखवावे. भाष्य मुले करतील.

आणि आता तर विकतच्या तुकड्यांवर अवलंबून राहायचेही कारण नाही. पुष्कळ मोबाइल फोन सेकंदाला २४० चित्रे टिपतात. भिंतीला मीटरपट्टी उभी चिकटवावी आणि तिच्या शून्यापासून चेंडू सोडावा. चित्रे एकेक करून पुढे सरकवत २४व्या, ४८व्या आणि ७२व्या चित्रात चेंडू कुठे आहे ते लिहावे. साधारण ५, २० आणि ४४ सेंटिमीटर यायला हवे. १, ४, ९ हे प्रमाण मुलांच्या आपोआप ध्यानात येते. हे शक्यतो उन्हात करावे. काही दिव्यांखाली केले, तर चित्र सेकंदाला शंभरदा उजळते-मंदावते, कारण आपला वीजप्रवाह ५० हर्ट्झचा आहे. अर्थात एखाद्या मुलाने ‘सर, हे असे लुकलुकते का?’ असे विचारले, तर चेंडू बाजूला ठेवून त्या दिवशी तोच धडा घ्यावा.