अस्थिर अणुकेंद्रांवरील इलेक्ट्रॉन-प्रकीर्णन : रिकेन प्रयोगाचा चिकित्सक विचार

अणुकेंद्राच्या आकाराविषयी पदवी वर्गांत जे शिकविले जाते, त्याचा मोठा भाग रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे केलेल्या इलेक्ट्रॉन-प्रकीर्णनाच्या प्रयोगांवर उभा आहे. इलेक्ट्रॉनला अंतर्गत रचना नाही व त्याची विद्युत्-चुंबकीय आंतरक्रिया पूर्णपणे ज्ञात आहे. म्हणून विचलित इलेक्ट्रॉनांच्या कोनीय वितरणावरून अणुकेंद्रातील विद्युत् भाराची मांडणी काढता येते. केंद्राची त्रिज्या वस्तुमानांकाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते आणि कडेच्या थराची जाडी सुमारे २.४ फेर्मी राहते, हे निष्कर्ष त्यातूनच आले. हॉफस्टॅटर यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मात्र हे निष्कर्ष ज्या केंद्रांवरून काढले गेले ती प्रामुख्याने स्थिर होती, ही मर्यादा पाठ्यपुस्तके क्वचितच नोंदवितात. स्थिर केंद्रे सुमारे अडीचशे आहेत, तर ज्ञात अस्थिर केंद्रांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे.

अडचण लक्ष्याची होती. अल्पायुषी केंद्रांचा पत्रा वा गोळी बनविता येत नाही. जपानमधील वाको येथील रिकेन संस्थेच्या गटाने यावर काढलेला मार्ग विलक्षण आहे. साठवण वलयात फिरणारा ऋणभारित इलेक्ट्रॉन-झोत धन आयनांना स्वतःकडे ओढून धरतो. हा परिणाम वेगवर्धक चालविणाऱ्यांना एरवी उपद्रवच वाटे. रिकेनने वलयाच्या एका भागात दोन्ही टोकांना विद्युत् अडसर बसवून त्याच उपद्रवाचा सापळा केला. येथे झोत हाच आयनांना धरून ठेवतो आणि तोच त्यांच्यावर आदळतो. २०१७ साली स्थिर झेनॉन-१३२ वर ही पद्धत पडताळण्यात आली. २०२३ साली युरेनियमच्या प्रकाश-विखंडनातून मिळविलेल्या सीझियम-१३७ च्या सुमारे २ कोटी आयनांवर इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन नोंदविण्यात आले. नेहमीच्या मिलिग्रॅमभर लक्ष्याशी तुलना केली तर ही संख्या जवळजवळ शून्यच म्हणावी लागेल.

या प्रयोगाचे श्रेय निर्विवाद आहे; प्रश्न त्याच्या अर्थनिर्णयाचा आहे. किरणोत्सर्गी लक्ष्यावर इलेक्ट्रॉन प्रथमच टाकले गेले, असे म्हणणे बरोबर नाही. ट्रिटियम व कार्बन-१४ यांवर असे प्रयोग पूर्वीच झाले होते. येथे प्रथम घडले ते इतकेच की, लक्ष्य-केंद्रे त्याच यंत्रणेत निर्माण करून, अलग करून, लगेच वापरली गेली. शिवाय सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे आणि स्थिर सीझियम-१३३ पेक्षा त्यात चारच न्यूट्रॉन अधिक आहेत. त्याला विलक्षण केंद्र म्हणणे कठीण. मिळालेली माहिती सैद्धांतिक गणिताशी जुळते, पण त्याहून पुढे जाऊन भार-वितरणाचा नवा तपशील ठरविण्याइतकी ती विपुल नाही. तेव्हा हे यश अणुकेंद्र-रचनेच्या ज्ञानापेक्षा लक्ष्य-तंत्राचे अधिक आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. इलेक्ट्रॉनला मुख्यतः प्रोटॉन दिसतात. न्यूट्रॉनबहुल केंद्रांचे वैचित्र्य बहुधा न्यूट्रॉनांमध्ये असते. लिथियम-११ चे विरळ वलय, जे १९८५ साली बर्कले येथील मापनांतून सूचित झाले, ते न्यूट्रॉनांचेच आहे. समता-भंगाच्या आधारे इलेक्ट्रॉनांकडूनही न्यूट्रॉनांची मांडणी काढता येते. अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेने शिसे-२०८ साठी सुमारे ०.२८ फेर्मी जाडीचा न्यूट्रॉन-थर २०२१ साली याच मार्गाने दिला. परंतु त्यासाठी जो टकरींचा दर लागतो, तो काही कोटी आयनांच्या लक्ष्यावर संभवत नाही.

म्हणून खरी कसोटी कथील-१३२ ची ठरेल. त्याचे अर्धायुष्य जेमतेम ४० सेकंद आहे. त्यात ५० प्रोटॉन व ८२ न्यूट्रॉन असून दोन्ही संख्या 'जादूई' आहेत. कथीलाच्या स्थिर समस्थानिकांवर इलेक्ट्रॉन-प्रकीर्णन पूर्वीच झालेले असल्याने, प्रोटॉन तेवढेच ठेवून न्यूट्रॉन वाढत गेले असता प्रोटॉनांची मांडणी कशी बदलते याची थेट तुलना तेथे शक्य होईल. २.४ फेर्मीची जाडी तेथेही टिकते किंवा कसे, हे त्या तुलनेतच कळेल.