उघडे पुस्तक आणि रेघा ओढलेली पाने

पुस्तक जवळ बाळगून द्यावयाच्या परीक्षेस तयारीची गरज नाही, असा एक समज रूढ आहे. मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) हा ग्रंथ अशा परीक्षेस नेला, तर हा समज किती भ्रामक आहे हे ध्यानी येते.

या ग्रंथाच्या हाताळलेल्या प्रतींत रेघा बहुधा व्याख्यांखाली आढळतात. चर्चेची पाने कोरी राहतात. त्या रेघा पाठांतराच्या परीक्षेसाठी ओढलेल्या असतात. व्याख्या समोर असली की तिच्या पाठांतरास मोल उरत नाही. मोल असते ते उपयोजनास.

‘तू पत्र लिहिलेस’ हे वाक्य घेऊ. रेघेवर विसंबणारा विद्यार्थी कर्मणी प्रयोगाची व्याख्या उतरून मोकळा होईल. ‘पत्र’ऐवजी ‘चिठ्ठी’ घातल्यास ‘लिहिलीस’ होते. म्हणजे क्रियापद कर्माच्या लिंगास अनुसरते, हे खरेच. परंतु कर्ता ‘मी’ केल्यास ‘स’ लोपतो, ‘तुम्ही’ केल्यास ‘लिहिलेत’ होते. म्हणजे ते कर्त्यासही अनुसरते. परंपरा यास कर्तृकर्मसंकर म्हणते. मात्र नाव सापडल्याने प्रश्न मिटत नाही. बोलण्यात ‘तू पत्र लिहिलं’ असेही ऐकू येते. तेथे संकर उरला काय? आणि न उरल्यास, अर्थ तोच असता प्रयोग बदलला असे मानावयाचे काय? हे उत्तर पान उलटून हाती येत नाही.

ते शोधण्याची रीत मात्र याच ग्रंथात आहे. दामले पूर्वसूरींची मते मांडतात, त्यांची चिकित्सा करतात आणि मगच आपला निर्णय देतात. म्हणून तयारी करावयाची ती कोऱ्या पानांची. कोणता वाद कोठे आहे, याची स्वतःची सूची विद्यार्थ्याने करावी. प्रत्येक निर्णयास अडचणीत आणणारे एखादे वाक्य शोधून ठेवावे. आणि अरविंद मंगरूळकरांचा ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ (१९६४) शेजारी ठेवून वाचावा. एवढ्या विस्तृत ग्रंथात प्रथमच वाट शोधणाऱ्यास परीक्षेचा वेळ पुरणार नाही, हेही उघड आहे.

अर्थात प्राश्निकही यातून सुटत नाही. ‘व्याख्या द्या’ एवढेच त्याने विचारले, तर पुस्तक उघडे ठेवूनही परीक्षा नकलनविशीचीच होईल आणि जुन्या रेघा आणखी ठळक होतील.