पिल्लू कोणाचे? नर की मादी?

चाकणच्या एखाद्या शाळेतील मुलाने भामा नदीतून बोटाच्या पेराएवढे माशाचे पिल्लू बाटलीत भरून आणले, किंवा दुकानातून ‘जोडी’ म्हणून घेतलेली पिल्ले वर्गातील काचटाकीत सोडली, की शिक्षकांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. हा मासा कोणत्या जातीचा? आणि नर की मादी? शिक्षक साहजिकच पुस्तक उघडतात. आमची तक्रार आहे ती या पुस्तकांबद्दल.

प्रथम शोभेच्या माशांची रंगीत पुस्तके व तक्ते घेऊ. सिक्लिड कुलातील लहान आकाराच्या माशांना ‘ड्वार्फ’, म्हणजे खुजे सिक्लिड म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील ॲपिस्टोग्रामा व रॅम आणि पश्चिम आफ्रिकेतील क्रिबेन्सिस हे त्यांतले परिचित मासे. पुस्तकात यांचे चित्र असते ते पूर्ण वाढलेल्या, ऐन विणीच्या रंगातील नराचे. मादी कोपऱ्यात असते आणि पिल्लू कोठेच नसते. प्रत्यक्षात ॲपिस्टोग्रामाच्या कित्येक जातींची पिल्ले सारखीच करड्या रंगाची असतात व त्यांच्या अंगावर एक गडद आडवा पट्टा असतो. ‘ज्याच्या पाठीवरच्या पराचे काटे लांब तो नर’ असा नियम पुस्तक देते, पण तो किती सेंटिमीटर लांबीच्या माशाला लागू पडतो, हे सांगत नाही. वय व लांबी न सांगता दिलेले लक्षण अर्धवट असते.

याहून मोठी उणीव वेगळीच आहे. या पुस्तकांचा सूर असा असतो की, लिंग जन्मतः ठरलेलेच असते, फक्त आपल्याला ते पाहता येत नाही. रोमर आणि बायसेनहर्त्झ यांनी 1996 मध्ये ॲपिस्टोग्रामाच्या अनेक जातींवरील काम प्रसिद्ध केले. पिल्ले ज्या पाण्यात वाढतात त्याच्या तापमानावर नर-मादींचे प्रमाण अवलंबून असते, आणि ऊबदार पाण्यात नर अधिक होतात, असे त्यात दिसून आले. काही जातींत पाण्याच्या आम्लतेचाही परिणाम होतो. म्हणजे अगदी कोवळ्या पिल्लाबाबत ‘नर की मादी?’ या प्रश्नाला ‘अजून ठरायचे आहे’ हेही खरे उत्तर असू शकते. असे उत्तर देणारे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही.

आता नदीतल्या पिल्लाकडे वळू. भीमेच्या खोऱ्यात, पार उजनीपर्यंत, ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापियाही सिक्लिडच. भारतीय माशांवरचा जुना आधारग्रंथ म्हणजे फ्रान्सिस डे यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ (1875-78). त्यात या कुलातील भेटतात ते एट्रोप्लस, म्हणजे गोव्यातील कालुंदर आणि त्याचे भाऊबंद. मोझांबिक तिलापिया भारतात आला 1952 साली. केवळ डे यांच्या आधारे चाकणचे पिल्लू ओळखू पाहणारा त्याच्या अंगावरचे उभे पट्टे पाहून त्याला कालुंदर ठरवण्याचा संभव आहे. ओळखपुस्तकात जे नाही, ते त्याला ओळखता येत नाही. तलवार व झिंगरन यांच्या 1991 च्या ग्रंथात ही उणीव भरून निघाली आहे.

तरीही डे यांचे एक देणे आजच्या रंगीत तक्त्यांहून मोलाचे आहे. ते रंगावर विसंबत नाहीत, काटे मोजतात. कालुंदरच्या गुदपरात बारा-तेरा टणक काटे असतात, तर चिलापीच्या गुदपरात सहसा तीन. रंग वयानुसार बदलतो, ही संख्या बदलत नाही. जाळ्यात मेलेले दोन-तीन सेंटिमीटरचे पिल्लू पांढऱ्या बशीत ठेवून साध्या भिंगाने हे काटे मोजता येतात. सिक्लिडांना डोक्याच्या प्रत्येक बाजूस एकच नाकपुडी असते, रोहू-कटल्यासारख्या माशांना दोन. तेही मुलांना पाहता येईल.

लिंगाचे तसे नाही, आणि येथे प्रश्न कुतूहलापुरता राहत नाही. चिलापीचे नर मादीपेक्षा लवकर वाढतात. तळ्यात नर-मादी एकत्र राहिले की पिल्लांची गर्दी होते आणि सगळेच मासे खुरटतात. म्हणून मत्स्यपालकाला केवळ नर हवे असतात. हाताने निवड करताना पोटाखालची छिद्रे पाहतात: नराला दोन, मादीला तीन. पण त्यासाठी मासा पुरेसा वाढलेला लागतो. रंगावर जावे, तर दुसऱ्या नरांच्या धाकात राहणारा मोठा नरही मादीसारखा फिकट दिसतो. तेव्हा इवल्याशा पिल्लांतून रंग पाहून नर निवडून देतो, असे कोणी म्हटल्यास पैसे मोजण्यापूर्वी विचार करावा.

नव्या ओळखपुस्तकांनी प्रत्येक जातीसाठी पिल्लू, तरुण मासा, मादी आणि नर अशी चार चित्रे द्यावीत, प्रत्येकाखाली लांबी लिहावी, आणि कोणते लक्षण कधीपासून विश्वासार्ह ठरते ते सांगावे. तोवर शिक्षकांनी वर्गातच अशी वही सुरू करावी. दर पंधरवड्याला लांबी, रंग, पाण्याचे तापमान आणि मुलांचा अंदाज लिहावा. ‘आज सांगता येत नाही’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत. आणि टाकीतले मासे नकोसे झाले तरी ते नदीत सोडू नयेत. परका मासा पाण्यात एकदा स्थिरावला की परत काढता येत नाही, हे चिलापीने पुरेसे शिकवले आहे.