रोगण, जिल्हई आणि खडबडीतपणा : एका परिभाषेची चिकित्सा

संगणकावर त्रिमितीय प्रतिमा घडविणाऱ्या प्रणालींत रंगावरील चकचकीत लेप दाखविण्यासाठी ‘क्लिअरकोट’ नावाची योजना असते. पिंपरी-चिंचवडसारख्या मोटारींच्या नगरीला लागून असलेल्या पुण्यात हे तंत्र शिकणारे मराठी विद्यार्थी आहेत. त्यांना ते मराठीतून सांगावयाचे, तर शब्दांची निवड हा केवळ रुचीचा प्रश्न राहत नाही. शब्द चुकला की हातही चुकतो.

या लेपाची मुख्य परिमाणे दोन. एक लेपाचे प्रमाण, आणि दुसरे ‘रफनेस’. या दुसऱ्याचे ‘खडबडीतपणा’ हे भाषांतर सहज सुचते. परंतु ते स्वीकारार्ह नाही. मराठीत खडबडीतपणा बोटांना कळतो. येथे अभिप्रेत असलेली विषमता इतकी सूक्ष्म असते की, मंद झळाळीच्या मोटारीवरून हात फिरविला तरी ती गुळगुळीतच लागते. साहजिकच विद्यार्थी ‘खडबडीतपणा’ टाळतो व चमक मंद करण्यासाठी लेपाचे प्रमाण घटवितो. त्यामुळे लेपात पडलेले दिव्याचे प्रतिबिंब फिके होते, पण त्याच्या कडा रेखीवच राहतात. रफनेस वाढविला असता त्याच कडा विरघळून प्रकाश पसरला असता. हे दोन परिणाम भिन्न होत.

आणखी एक अडचण दिशेची. डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी 2012 साली मांडलेल्या प्रतिमानात हे परिमाण ‘ग्लॉस’ या नावाने येते. तेथे 1 म्हणजे पूर्ण चकाकी. रफनेस मानणाऱ्या प्रणालींत पूर्ण चकाकी 0 ला मिळते. आपण ‘किती उंच?’ असे विचारतो, ‘किती ठेंगणा?’ असे सहसा विचारीत नाही; भाषा मोजपट्टीला बहुधा गुणाचे नाव देते, उणिवेचे नव्हे. त्या दृष्टीने ‘ग्लॉस’साठी ‘जिल्हई’ हा आपला जुना शब्द चपखल आहे. रफनेससाठी मी ‘प्रतिबिंबाची धूसरता’ असे सुचवितो. त्यात कारणाचा उल्लेख राहत नाही हे खरे; परंतु चित्रकाराला जे डोळ्यांनी पारखावयाचे, तेच त्यातून सांगितले जाते.

राहिला लेप. ‘पारदर्शक लेप’ हा पर्याय निर्दोष वाटतो. तथापि 2023 मध्ये आलेल्या ब्लेंडरच्या 4.0 आवृत्तीत ‘क्लिअरकोट’चे नुसते ‘कोट’ झाले, आणि त्या लेपाला स्वतःची रंगछटा देण्याची सोय आली. म्हणजे नावातले ‘पारदर्शक’ हे विशेषण मुळातच गळाले. सावंतवाडीच्या गंजिफांची पाने रंगविल्यावर त्यांवर लाखेचा थर चढवितात. असा थर खालचे रंग दाखवितो आणि स्वतःची किंचित छटाही त्यांत मिसळू शकतो. अशा थराला मराठीत ‘रोगण’ हा शब्द आहे. विशेषणावर उभा नसल्यामुळे तो हा बदलही सहज पचवितो.

सारांश, रोगण, जिल्हई आणि धूसरता या तीन शब्दांनी हा विषय स्पष्ट मांडता येतो. परिभाषा घडविताना मूळ शब्दाचा कोशातील अर्थ पाहून थांबू नये. त्या शब्दाने शिकणाऱ्याचा हात कोणत्या परिमाणाकडे वळेल, हेही तपासावे.